सेंद्रिय दुधाचे अर्थकारण आणि भूमिहीनाची म्हैस

२०२४ च्या उन्हाळ्यात एका चर्चासत्राच्या निमित्ताने पुण्याला गेलो होतो. ज्या मित्राकडे उतरलो त्याच्या दाराशी रोज सकाळी दुधाची काचेची बाटली येई. बाटलीवर लिहिलेले असे : सेंद्रिय, देशी गायीचे, मुक्त चराईवरचे दूध. लिटरला एकशे दहा रुपये. त्याच दिवसांत माझ्या गावच्या संकलन केंद्रावर गायीच्या दुधाला पंचवीस-सव्वीस रुपये पडत होते. मित्र माझ्याचसारखा, घरातला पहिला पदवीधर. तो म्हणाला, "बघ, रासायनिकाचा नाद सोडला की शेतकऱ्याला किती मिळतं." त्याचे म्हणणे चूक होते असे नाही. पण 'मुक्त चराई' हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. माझ्या आजीची म्हैस सारा जन्म मुक्त चराईवर होती. तिने ना पशुखाद्याची कांडी पाहिली, ना औषधाची सुई. त्यापोटी आजीला कुणी एक पैसा जास्त दिल्याचे घरात कुणाला आठवत नाही.

प्रचलित दूधधंदा आणि सेंद्रिय दूधधंदा यांची तुलना आपल्याकडे खत, औषध, आरोग्य आणि दर एवढ्यापुरतीच केली जाते. गवत कुणाचे, हा प्रश्न तीत कुणी विचारीत नाही. दुधाचा इतिहास गवताच्या इतिहासापासून तोडून लिहिला म्हणजे जे हाती लागते ते जमीनवाल्याचे अर्थशास्त्र असते. भूमिहीन त्यात कोठेच दिसत नाही. म्हणून येथे थोडे मागे गेले पाहिजे.

गावगाड्यात गायीम्हशीच्या हिशेबाची दोन टोके होती. दूध, दही, तूप हे एक टोक आणि मेलेले ढोर हे दुसरे. पहिले टोक गावाचे होते, दुसरे आमचे. जिवंत जनावराचे दूध कुणी प्यावे, तूप कुणी खावे यावरही पहारा असे. १९३६ साली जयपूर संस्थानातील चकवारा गावी तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्याने आपल्या जातभाईंना जेवण दिले आणि पानात तूप वाढले. एवढ्या कारणावरून शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन पंगतीवर चालून आले. बाबासाहेबांनी 'जातिभेदाचे निर्मूलन' या आपल्या न झालेल्या भाषणात हा प्रसंग नोंदवला आहे. ते तूप जेवण देणाऱ्याच्याच पैशाचे होते. म्हणजे ऐपत नव्हती म्हणून नव्हे, अधिकार नव्हता म्हणून तूप खायचे नव्हते. दुधाच्या अर्थकारणावर लिहिणाऱ्यांनी हे पान आधी वाचावे असे मला वाटते.

दुसऱ्या टोकाचाही हिशेब मांडला गेला आहे, आणि तो आमच्या वतीने इतरांनीच मांडला. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृतमांस सोडण्याचा ठराव झाला. पुढे गावोगाव लोकांनी ढोरे ओढणे सोडले, तेव्हा 'केसरी'त आकडेमोड आली. शिंगे, खूर, कातडे, हाडे मिळून महारांचे दरसाल पाचशे रुपयांचे नुकसान होते, असा तिचा सूर होता. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी या हिशेबाची आठवण काढली, आणि एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला दिले. ज्या धंद्यात माणूसपण जाते त्याचा नफा जमेस धरायचा नसतो, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या त्या डॉक्टराने जमाखर्चाच्याच भाषेत सांगितली.

आता गवत. बिगर जमिनीच्या माणसाला जनावर पाळायचे तर तीनच आधार होते. गायरान, दुसऱ्याचा बांध आणि मजुरीत मिळालेला कडबा. वतनदार महाराकडे हाडकी हाडवळ्याचा तुकडा असे. पण तो भावकीत इतका वाटला गेलेला की त्यात एका म्हशीची वैरण निघणे कठीण. १९५९ साली कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने संपली. वेठ गेली, हे मोठेच काम झाले. तुकडा मात्र तुकडाच राहिला आणि पुष्कळांचा तोही हातचा गेला. मग उरले गायरान.

या गायरानाशी आमचे नाते सरळ नाही, आणि हे आपण आपापसांत तरी मोकळेपणाने बोलले पाहिजे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक आणि सरकारी जमिनी कसणाऱ्याला द्या, ही मागणी होती. लाखो माणसे तुरुंगात गेली, कडेवर पोरे घेऊन बाया गेल्या. त्यातून गावोगाव गायराने कसायला घेण्याची हिंमत आली. आमच्या गावात माझ्या चुलत आजोबांनी गायरानाचा दीड एकर नांगरला. त्याच गायरानाच्या उरलेल्या माळावर आजीची म्हैस चरे. म्हणजे एकाच घरात एक जण गायरान मोडीत होता आणि दुसरी त्यावर जगत होती. गावातले मोठे शेतकरी म्हणत, "तुमच्यामुळे गावाच्या गुरांना चरायला जागा उरली नाही." त्यांच्या वहितीने माळाच्या दोन बाजू आधीच गिळल्या होत्या, हे खरे. पण माळ आटला हेही खरे. ज्याला शेतही नाही आणि कुरणही नाही, त्याला एका जमिनीतून दोन्ही काढावे लागतात. या कोंडीची जबाबदारी ज्यांनी जमीन वाटली नाही त्यांच्यावर आहे.

दूध विकण्याचा प्रश्न यानंतरचा. आमचे गाव बालाघाटच्या रांगेत आहे. या भागात खव्याच्या भट्ट्या फार. आजी सांगे की आमच्या वस्तीतले दूध गावात कुणी रतिबाला घेत नसे. भट्टीवाला घेई, पण पडत्या भावाने आणि तेही मागच्या दाराने. आटवल्यावर खव्याला जात राहत नाही, हे त्याला धंद्यातून कळलेले होते.

या पार्श्वभूमीवर सहकारी दूधव्यवस्थेकडे पाहिले पाहिजे. १९४६ साली खेडा जिल्ह्यात पोल्सनच्या मक्तेदारीविरुद्ध दूध उत्पादकांचा संघ उभा राहिला. १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ झाले, १९७० पासून दुधाचा महापूर ही योजना सुरू झाली. युरोपातून देणगी आलेली भुकटी आणि लोणीतेल विकून तिचे भांडवल उभे राहिले. या योजनेवर त्या काळी कडक टीका झाली. १९८३ मध्ये क्लॉड अल्वारिस यांनी तिच्या आकडेवारीलाच आव्हान दिले. ती टीका सगळीच्या सगळी खोटी नव्हती. शहराच्या ग्लासासाठी खेड्यातले दूध ओढले गेले, गरिबाच्या पोराच्या वाटीतले ताकही गेले, हे मी माझ्या आईच्या तोंडून ऐकले आहे. मात्र टीकाकारांना एक गोष्ट दिसली नाही, कारण ती दिसायला आमच्या वस्तीत उभे राहावे लागते. सहकाराचे अर्थशास्त्र एकत्र ओतण्याचे होते. फॅट आणि एसएनएफ यांवर दर. गायीच्या दुधाला साडेतीन व साडेआठ, म्हशीच्या दुधाला सहा व नऊ. यंत्राने फॅट लावली, वहीत आकडा पडला आणि दूध कॅनात गेले. मग त्यातले पाटलाचे कोणते आणि आमचे कोणते हे काढून दाखवण्याची सोय उरत नाही. हजारो वर्षे ज्यांचे पाणी वेगळे ठेवले त्यांचे दूध एका कॅनात गेले. कुणी मनाने बदलून हे केले नाही. प्रत्येकाचे दूध वेगळे वाहून नेणे परवडत नाही, म्हणून ते घडले.

अर्थात कॅनापर्यंत पोचू दिले तर. २००१-०२ मध्ये ११ राज्यांतील ५६५ गावांत अस्पृश्यतेची पाहणी झाली आणि २००६ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. ज्या गावांत दूध सोसायट्या होत्या त्यांपैकी सुमारे निम्म्या गावांत दलितांना तेथे दूध घालू दिले जात नव्हते, असे तिच्यात आढळले. आमच्या गावी घालू देत. १९८३-८४ च्या सुमारास आजीला एकात्मिक ग्रामीण विकास योजनेतून कर्जाची म्हैस मिळाली. निम्मी रक्कम अनुदान, निम्मी कर्ज. माप घेणारा आजीला म्हणे, "भांड्याला हात लावू नको, वरून ओत." आजी वरून ओते. थोडे सांडे, ते तिच्या हिशेबातून जाई. मग तेच दूध त्याच कॅनात. हा प्रकार आईच्या काळापर्यंत चालला आणि नंतर यंत्र बदलले तेव्हा आपोआप बंद पडला.

त्या योजनेबद्दल नीलकंठ रथ यांनी १९८५ मध्येच लिहून ठेवले होते की अशी दुभती जनावरे वाटून फार थोडी कुटुंबे दारिद्र्यरेषा ओलांडतील. आमच्या वस्तीत सात म्हशी आल्या. दुसऱ्या वेताला दोनच उरल्या. बाकीच्या विकल्या गेल्या, एक मेली. कारण एकच होते : म्हैस मिळाली, वैरण मिळाली नाही. आजीची टिकली ती माळामुळे आणि कडब्यामुळे. ज्वारी काढणीच्या मजुरीत ती पैशाऐवजी पेंढ्या मागून घेई. त्या म्हशीच्या दुधावर माझ्या वडिलांची दहावी झाली, आणि तिच्या रेडीच्या दुधावर पुढे माझी पदवी. म्हणून दुधाबद्दल मी त्रयस्थपणे लिहीत नाही, हे वाचकाने धरून चालावे.

यानंतर धंद्याचे रूप पालटले. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरळीकांचनला बाएफ संस्था काढली आणि गावठी गायींवर जर्सी, होल्स्टीनचे संकर सुरू झाले. संकरित गाय दहा-बारा लिटर देते. आमच्या भागातली देवणी किंवा लाल कंधारी तीन-चार लिटरच्या पुढे सहसा जात नाही. पण संकरित गाय माळावर जगत नाही. तिला हिरवा चारा, सरकी पेंड, कांडी, सावली, पाणी आणि डॉक्टर लागतो. उत्पादनखर्चाचा बराच मोठा भाग, सर्वसाधारणपणे दोनतृतीयांशाच्या आसपास, वैरणखाद्यावरच जातो. ज्याच्याकडे विहीर आणि घासाचे दोन गुंठे आहेत त्याचा हा खर्च निम्म्यावर येतो. ज्याला सगळे विकत घ्यायचे त्याचा येत नाही. याच काळात मराठवाड्यात ज्वारी मागे पडून सोयाबीन आले. सोयाबीनला कडबा नसतो, भुसकट असते. मजुरीत पेंढ्या मागण्याची रीत संपली. पुढे तणनाशक आले आणि बांधावरचे गवतही जळाले. बांधावरचे गवत कापण्याला कुणी धंदा म्हणत नाही, त्याची नोंद कोठे होत नाही. पण वस्तीतल्या बायांची ती रोजची वैरण होती. प्रचलित शेतीने भूमिहीनाच्या म्हशीला असे दोन बाजूंनी मारले.

आणि तिसऱ्या बाजूने कायद्याने. गोहत्याबंदी महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने होतीच. मार्च २०१५ मध्ये ती बैल व वळूंपर्यंत नेली. दूधधंद्यात भाकड जनावराची किंमत ही नव्या जनावराच्या भांडवलाचा पहिला हप्ता असते. तो हप्ता गाय पाळणाऱ्याच्या वहीतून गेला. पंधरा-वीस जनावरे असलेला एखादे भाकड जनावर पोसू शकतो, एक जनावर असलेला पोसू शकत नाही. आमच्या वस्तीत गाय घ्यायला आज कुणी तयार होत नाही, म्हशीकडेच वळतात, त्याचे हे कारण आहे. पुढच्याच वर्षी, जुलै २०१६ मध्ये, उन्यात मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या तरुणांना उघडे करून मारले. कातडे काढले नाही तर बहिष्कार आणि काढले तर मार, अशी या धंद्याची दुसरी बाजू अजून शिल्लक आहे.

तर अशा वेळी सेंद्रिय दुधाचा विचार पुढे आला. त्याची बाजू नीट मांडली पाहिजे. उदाहरणादाखल, संकरित गाय रोज दहा लिटर देते आणि दर तीस रुपये आहे, तर हातात तीनशे येतात. देशी गाय तीन लिटर देत असेल तर तेवढेच हाती येण्यासाठी लिटरला शंभर रुपये लागतील. म्हणजे बाटलीवरची किंमत ही निव्वळ लूट नव्हे. कमी दुधाचे जनावर पाळायचे तर ती लागतेच. शिवाय संकरित गायवाल्याचा दर तीसचा पंचवीस झाला की रोज पन्नास रुपये गळतात आणि पेंडीचे बिल मात्र तेवढेच राहते. या दरासाठी जुलै २०१८ मध्ये राज्यात दूध रस्त्यावर ओतले गेले आणि २०२४ मध्ये सरकारला लिटरमागे पाच, पुढे सात रुपयांचे अनुदान द्यावे लागले. या चरकातून सुटू पाहणाऱ्याला मी दोष देणार नाही.

पण सेंद्रियचा नियम जमिनीपासून सुरू होतो. २००१ पासून आपल्याकडे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम लागू आहे आणि २०१७ पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली सेंद्रिय पदार्थांचे विनियम आहेत. जनावराला द्यायचा चारा सेंद्रिय हवा. चारा सेंद्रिय म्हणायचा तर हंगामी पिकाची जमीन दोन वर्षे आणि बहुवर्षायू पिकाची तीन वर्षे रसायनाविना ठेवून, नोंदी राखून, तपासून घेतली पाहिजे. जिच्यापाशी जमीनच नाही तिने काय तपासून घ्यायचे? ती गवत आणते ते दुसऱ्याच्या बांधावरून, आणि त्या शेतात युरिया पडलेला असतो. आजीची म्हैस जी होती ती सेंद्रिय होती. तिचे दूध सेंद्रिय नव्हते, कारण सेंद्रिय हा आता गवताचा गुण नसून कागदाचा आहे.

शेणाचेही तसेच. सेंद्रिय शेतीच्या हिशेबात शेण-गोमूत्र जमेच्या बाजूला येते आणि पुष्कळदा दुधाची तूट तेच भरून काढते. विदर्भातले सुभाष पाळेकर सांगतात की एका देशी गायीवर तीस एकरांची शेती होते. असेल. आमच्याकडे गाय एक आणि एकर शून्य. तेथे शेण गोवऱ्यांत जाते, नाही तर ट्रॉलीच्या भावाने दुसऱ्याच्या रानात. आणि शेणाशी आमच्या लोकांचा संबंध नवा नाही. मळणीच्या बैलांच्या शेणातून धुऊन काढलेले धान्य उत्तर प्रदेशात अस्पृश्यांना मजुरी म्हणून दिले जाई, हेही बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. शेणाचे माहात्म्य सांगणाऱ्यांना हे ठाऊक नसते, याचे मला नेहमी नवल वाटते.

जमीन असली म्हणजे तरी निभावते का, हे पाहायला ज्या देशात हा व्यवहार आपल्या आधी मोठा झाला तेथे पाहावे. अमेरिकेत सेंद्रियचे राष्ट्रीय नियम ऑक्टोबर २००२ पासून अंमलात आले. २०१० मध्ये त्यात चराईची अट घट्ट झाली : वर्षातून किमान १२० दिवस कुरणावर, आणि त्या काळात कोरड्या चाऱ्याच्या मानाने किमान ३० टक्के खाणे चरूनच. छोट्या कुरणवाल्या शेतकऱ्यांना हे सोयीचे वाटले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये दानोन कंपनीच्या होरायझन या सेंद्रिय दूध नाममुद्रेने ईशान्येकडील ८९ शेतकऱ्यांना करार संपवण्याची नोटीस दिली. त्यांची कुरणे होती, प्रमाणपत्रे होती. दूध गोळा करण्याचे अंतर कंपनीला परवडेना, एवढेच. वेगळ्या दुधाला वेगळी गाडी लागते आणि गाडी वळली की शेतकरी एकटा उरतो. आपल्या सोसायटीची गाडी उशिरा येते, सचिव फॅट मारतो, सगळे खरे. पण ती सगळ्या गावासाठी येते.

आपल्याकडे तर या वेगळेपणात शुद्धतेची जुनी चव मिसळली आहे. 'ए-टू' दूध म्हणून जो गाजावाजा चालतो त्यातील दावे काढून टाका, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी फर्मावले आणि पाचच दिवसांनी, २६ ऑगस्टला, ते फर्मान मागे घेतले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने देशी गायीला राज्यमाता म्हटले आणि गोशाळांना देशी गायीमागे रोज पन्नास रुपये देण्याचे ठरवले. दूध न देणाऱ्या गायीला रोज पन्नास. रोज पाच लिटर दूध घालणाऱ्या भूमिहीन बाईच्या म्हशीला वैरणीसाठी काय, हा प्रश्न कुणी सभागृहात विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

आणि गायरान? २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. पुष्कळांच्या नावाचे कागद तहसिलीतून कधी बाहेरच आले नाहीत. जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचे आदेश दिले. पण भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनींचा अपवादही त्यातच सांगितला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे राज्यातील गायरानांवरच्या दोन लाख बावीस हजारांहून अधिक अतिक्रमणांचा आकडा आला, आणि नोटिसा निघाल्या. आमच्या चुलत आजोबांच्या दीड एकरावर त्यांच्या नातवाला एक नोटीस आली. त्यात अपवादाचा उल्लेख नव्हता.

गेल्या वर्षी आमच्या तालुक्यात सेंद्रिय दुधाचा एक गट सुरू झाला. दर चांगला सांगत होते, म्हणून धाकट्या भावाने आईच्या नावाचा अर्ज आणला. आई अजून एक म्हैस राखते, माळाच्या उरलेल्या पट्ट्यावर. अर्जात जनावराची जात, वेत, रोजचे दूध हे सगळे पुढे होते. पहिला रकाना चाऱ्याच्या जमिनीच्या गट क्रमांकाचा. भाऊ थोडा वेळ थांबला आणि त्याने तेथे गायरानाचा गट क्रमांक लिहिला. आईने विचारले, "आपला हाय का त्यो?" तो म्हणाला, "चरती तर तिथंच." पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. वर लाल शाईत शेरा होता : सदर गट शासनाच्या नावे आहे.